पॅड ओरडतायत, अण्णा

परवा गॅरेजवाल्याने विचारलं, "मॅडम, पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत. आत्ता टाकू, की पुढच्या सर्व्हिसिंगला बघू?"

मी म्हटलं, "आत्ता. आत्ताच्या आत्ता."

माझा आवाज चढला असणार, कारण तो बिचारा दोन पावलं मागे सरला. त्याचं काय चुकलं? रोज दहा जणांना हेच विचारत असेल. पण पॅड कधी बदलायचे या प्रश्नापायी मी माझ्या वडिलांची गाडी काढून घेतली. ते बरोबरच झालं, असं सगळे म्हणतात. म्हणायला कुणाचं काय जातं!

अण्णा नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. पत्रा दाबायचं मशीन. दिवसभर धाड् धाड्, आणि कानात बोळेबिळे घालायची पद्धत तेव्हा नव्हतीच. कुणी घातले असते तर बाकीच्यांनी त्याला बायल्या म्हटलं असतं. आम्ही सिडकोत राहायचो, दोन खोल्या आणि पुढे एवढंसं अंगण. मी बारावीला असताना त्या अंगणात एक सेकंडहँड छोटी पांढरी गाडी येऊन उभी राहिली, आणि आईने तिला ओवाळताना निरांजन बॉनेटवरच सांडलं. अण्णांनी खिशातला रुमाल काढून तेल पुसलं आणि म्हणाले, "चला, ऑइलिंग झालं."

गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. कारखान्याची सुट्टी शनिवारची, त्यामुळे शनिवार म्हणजे गाडीचा दिवस. पण शनिवारी लोखंड विकत आणायचं नाही, तेल तर नाहीच नाही. हा आईचा कायदा. म्हणून जे काही आणायचं ते शुक्रवारी संध्याकाळी कामावरून येताना आणायचं, रात्रभर देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवायचं आणि शनिवारी सकाळी बसवायचं. आमच्या देव्हाऱ्याखाली मी फॅनबेल्ट पाहिलाय, प्लग पाहिलेत, आणि ब्रेक पॅडचे खोके तर कितीदा. आई त्यांच्यावरही हळदीकुंकवाची दोन बोटं टेकवायची.

पॅड कधी बदलायचे, हे अण्णा कानाने ठरवायचे. चाक खोलून जाडी बघणं म्हणजे त्यांना कमीपणा वाटायचा. मला मात्र एकदा खोलून दाखवलं होतं. "हे बघ, भाकरीएवढा आहे तोवर निर्धास्त चालव. पोळीएवढा झाला की आतली ही पत्र्याची जीभ चाकाच्या चकतीला घासते आणि ची करून ओरडते. ती ओरडली की पंधरा दिवस आहेत तुझ्याकडे. तेव्हाही झोपून राहिलीस तर मग खर्र. खर्र म्हणजे लोखंडावर लोखंड. तेव्हा गाडी आहे तिथे उभी करायची आणि पायी घरी यायचं." मी विचारलं, "आणि गाडीत आजारी माणूस असलं तर?" ते म्हणाले, "त्याला खांद्यावर घ्यायचं." असं बोलायचे. गाडी मला त्यांनीच शिकवली, आणि शिकवताना इतक्या शिव्या घातल्या की लग्नात सासरी निघताना मी रडलेच नाही, असं आई सांगायची. साफ खोटं. मी रडले होते.

माझं लग्न होऊन मी नाशिकरोडच्या वाटेवरच्या उपनगरला गेले. म्हणजे एकाच गावात, पण दोन मुलं, ऑफिस, सासू, दीर. महिन्यातून एकदा माहेरी जाणं व्हायचं. दोन हजार सालाच्या आसपास कधीतरी माझ्या लक्षात आलं, की अण्णांना दाराची बेल ऐकू येत नाही. मग कुकरची शिट्टी येईना. मग फोन. मी म्हटलं, "कान तपासा, मशीन लावा." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "मला ऐकू येतं नीट. तुम्हालाच बोलता येत नाही. सगळे पुटपुटता."

आणि खरं सांगते, माझाही विश्वास बसायचा. कारण पॅड! पॅड अगदी वेळेवर बदलले जायचे. एकदा मी गेले तर देव्हाऱ्याखाली खोकं. म्हटलं, "अण्णा, ओरडले का?" म्हणाले, "काल गडावरून उतरताना. नांदुरीच्या अलीकडे." सप्तशृंगीच्या घाटातल्या वाऱ्यात ज्याला तो बारीक आवाज कळतो, तो माणूस बहिरा कसा? आम्ही सगळे हसायचो, की यांना यंत्राचं कळतं, माणसांचं कळत नाही. आईसुद्धा हसायची. तोंडाला पदर लावून.

मग आई गेली. ते वर्ष, ते दवाखान्याचे तीन आठवडे मी इथे उगाळत बसणार नाही. पोटाचं दुखणं होतं, उशिरा कळलं. अण्णा रोज सकाळी आणि संध्याकाळी डबा घेऊन एकटे गाडीने यायचे. ती त्यांना विचारायची, "गाडी नीट चालवता ना?" आणि ते मान डोलवायचे. मला वाटायचं, काळजीने विचारतेय बाई. मार्गशीर्षात, थंडी पडू लागली होती तेव्हा, ती गेली.

दहाव्याला आम्ही नदीवर निघालो. मागे घोटीचा मामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, आणि मामी. पुढची जागा रिकामी. तिथे बसायला कुणी धजेना, शेवटी मी बसले. सीबीएसच्या, म्हणजे गावातल्या मोठ्या बसस्टँडच्या, सिग्नलला अण्णांनी ब्रेक दाबला आणि मला ऐकू आलं, ची. लांब, बारीक. पुढच्या सिग्नलला पुन्हा, ची. मी अण्णांकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नाही. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर काय असणार होतं म्हणा!

नदीवरून परत आल्यावर मी मामाला बाजूला घेतलं. म्हटलं, गाडीचे पॅड गेलेत, उद्या सकाळी नवीन आणते. मामा म्हणाला, "सुतकात नवी वस्तू घरात येत नाय, बाय. तेरावं हू दे. दाजींना काय समजत नाय व्हय गाडीतलं?"

हेच. हेच मलाही वाटलं. अण्णांचा कान! मला ऐकू आलं ते त्यांना आलं नसेल? आलंच असणार. सुतक म्हणून तेही गप्प असतील, आईचा कायदा मोडवत नसेल, असं मी धरून चालले. मी एरवी सुतकाबितकाला भीक घालणारी बाई नव्हे. पण घरात तेरा दिवस दिवा तेवतोय, आणि कुणीतरी म्हणतं "तिच्या जिवाला शांती नको का मिळायला?" की तोंड शिवलं जातं. मी अण्णांना एका शब्दाने विचारलं नाही. "पॅड ओरडतायत, अण्णा." तीन शब्द. घसा फोडून सांगितले असते, तरी सांगून झालं असतं.

तेरावं शुक्रवारी आलं. गोडाचं जेवण, पाहुणे, पंगती, भांडी. दुकानात जायला सवड कुणाला होती? दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवारी लोखंड आणायचं नाही. म्हटलं, रविवारी सकाळी. पण मामाला शनिवारीच घोटीला जायचं होतं, खळ्यात भात पडला होता. मी म्हटलं, एसटीने जाऊ दे. अण्णा ऐकेनात. "ती असती तर तिने भावाला एसटीने लावलं असतं का?"  मीही गाडीत बसले, त्यांना परत यायला सोबत म्हणून. मामा मान म्हणून पुढे, मी आणि मामी मागे.

विल्होळी गेल्यावर आवाज बदलला. ची गेली आणि खर्र आलं.  मामा म्हणाला, "काय वाजतंय वो दाजी?" अण्णा पुढे बघत राहिले. मामाला वाटलं, दुःखात आहेत, नाही बोलायचं त्यांना. मी मागून ओरडले, "अण्णा, गाडी बाजूला घ्या!" हायवेला ट्रक होते, काचा खाली होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही. मला तेव्हाही कळलं नाही हो! वाटलं, हट्ट करतायत. मला राग आला. मी गप्प बसले. वाडीवऱ्हेपासून घोटीपर्यंत मी रागाने गप्प बसून राहिले, हे मला कुणाला सांगवत नाही. आज सांगतेय.

घोटीत शिरताना थोडा उतार लागतो. पुढे भाताच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या होत्या, राइस मिलच्या रांगेत. एक बाई डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन दोन ट्रॉल्यांच्या मधून रस्त्यावर आली. मी किंचाळले, "अण्णा!" आणि अण्णांनी आरशात पाहिलं. माझं तोंड हललेलं त्यांना दिसलं. काय म्हणते हे कळावं म्हणून त्यांनी मान वळवून मागे, माझ्याकडे, माझ्या ओठांकडे पाहिलं.

तेवढ्यात व्हायचं ते झालं. मामाने स्टिअरिंगला हात घातला, अण्णांनी ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दाबला, गाडी खरवडत, खरवडत गेली आणि ट्रॉलीला जाऊन टेकली. हेडलाइट फुटला. मामाच्या कपाळाला टेंगूळ. बाई भाऱ्यासकट बाजूला पडली होती, दोन्ही गुडघे सोललेले. ती उठली आणि तिने आम्हाला जे काही सुनावलं, ते ऐकून मला हायसं वाटलं. जिवंत माणूसच इतक्या शिव्या देऊ शकतं. मामी तिला पाणी द्यायला गेली. मामा तिच्या घरच्यांशी बोलायला गेला, ओळखीचीच निघाली.

अण्णा गाडीतून उतरले आणि खाली बघत उभे राहिले. त्यांना ओरडाही ऐकू येत नव्हता बहुतेक. लोक हातवारे करत होते आणि ते सगळ्यांकडे बघून नुसते हात जोडत होते. एवढा मोठा माणूस. प्रेसवर तीस वर्षं काढलेला, कुणाच्या बापाला न भिणारा माणूस. हात जोडतानाचा तो चेहरा मला पुसताच येत नाही.

रस्त्यापलीकडेच एक गॅरेज होतं. मेकॅनिकने चाक खोललं आणि पॅड काढून अण्णांच्या हातात दिला. त्यावर काही उरलंच नव्हतं. नुसती लोखंडी पाठ, आणि चकतीवर बोट बुडेल असे चर. अण्णांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला ऐकू नाही आलं गं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

मी म्हटलं, "अहो पण आजवर तर येत होतं ना? गडावरून उतरताना तुम्हाला..."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहून समजून घेतलं. म्हणाले, "तिला यायचं. मला सहा-सात वर्षं झाली, काही येत नाही बारीक. ती बाजूला बसायची. पॅड ओरडले की माझ्या गुडघ्यावर एक बोट टेकवायची. मागून हॉर्न आला की दोन बोटं. मी शिकवलं होतं तिला, अंगणात गाडी उभी करून. लवकर शिकली. तुझ्यापेक्षा लवकर." आणि हसले. हसले हो!

म्हणजे तो सगळा कान आईचा होता. आणि ती दवाखान्यात पडली होती ते तीन आठवडे, रोज दोन वेळा, अण्णा तिच्या बोटाशिवाय गाडी चालवत तिच्याकडे येत होते आणि त्यांना सांगायला कुणी नव्हतं. ती विचारायची, "गाडी नीट चालवता ना?" ती विचारत होती, मला ऐकू येईल असं विचारत होती, आणि माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही.

मी म्हटलं, "पायाला तरी कळलं असेल ना? पेडल थरथरतं खर्र झाल्यावर."

म्हणाले, "कळत होतं. मला वाटलं, माझाच पाय थरथरतोय. सध्या थरथरतो."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू गाडी काढून घेतली असतीस."

शनिवार असूनही घोटीत नवे पॅड मिळाले आणि बसलेही. मामा जवळ उभा होता, लोखंडाचं एक अक्षर बोलला नाही. मेकॅनिकने चाक आवळलं, हात पुसले. अण्णांनी किल्ली काढली. ती मुठीत धरून ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळू, म्हणजे त्यांना वाटलं हळू, पण सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं म्हणाले, "रविवारी तुला सुट्टी असते ना? सगळे रविवार नको. महिन्यातला एक. नुसती बाजूला बसशील? मी बोटांचं शिकवतो तुला. एवढ्यात येईल."

माझ्या डोळ्यांपुढे ती बाई होती, तिचे सोललेले गुडघे होते. आणि राग. कसला राग, ते मला आता कळतं. आईने आणि त्यांनी मिळून मला इतकी वर्षं बाहेर ठेवलं याचा. मी म्हटलं, आणि मुद्दाम ओठ मोठे हलवून म्हटलं, म्हणजे नीट कळावं, "अण्णा, पुरे झालं. मला घर आहे, पोरं आहेत. आता गाडी बंद." आणि हात पुढे केला.

त्यांनी वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं, आम्ही दोघंही भांडण्यात तरबेज. किल्ली त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि जाऊन बाजूच्या सीटवर बसले. नाशिकपर्यंत मी गाडी चालवली. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

दोन महिन्यांनी गाडी दिंडोरीच्या एका द्राक्षवाल्याला दिली. त्याने विचारलं, "काका, पॅड कसे हायेत?" अण्णा म्हणाले, "नवे आहेत. कमी चालले." मग त्याला अंगणातच बसवून अर्धा तास सगळं सांगितलं, ची काय, खर्र काय. तो तरुण माणूस, मोबाईल वाजत होता त्याचा, तरी ऐकत राहिला बिचारा. गाडी गेल्यावर अण्णांनी अंगण झाडलं आणि आत येऊन पडून राहिले. कानाचं मशीन मी आणून दिलं. आठ दिवस लावलं, मग डबीत. म्हणाले, "सगळंच सारखं ओरडतं त्यात. भांडी पण आणि माणसं पण." मी फार भांडले नाही. मला वाटत होतं, जीव वाचला, बास. अण्णांचा, आणि आणखी कुणाचा तरी.

मी दर रविवारी जाईन असं ठरवलं होतं. ठरवलं होतं. गेले किती, ते विचारू नका.

त्या पुढच्या वर्षीची गोष्ट. ऑफिसात दुपारी दोन वाजता फोन आला. नाशिकरोडच्या बसस्टँडवरून कंट्रोलर बोलत होता. "एक आजोबा इथे बसलेत, खिशात तुमच्या नंबरची चिठ्ठी आहे. सकाळपासून दुसरी खेप आहे त्यांची." मी रिक्षाने धावत गेले. अण्णा बाकावर बसले होते, मांडीवर पिशवी, पिशवीत नातवंडांसाठी पेरू. माझ्याकडेच यायला निघाले होते, न सांगता. बसमध्ये गर्दी, उभ्या माणसांमुळे बाहेरचं दिसेना. कंडक्टरला सांगून ठेवलेलं, उपनगर आलं की हाक मार. त्याने मारली असेल. अण्णा शेवटच्या स्टँडला पोचले. परतीच्या बसमध्ये बसले, पुन्हा सांगून ठेवलं, पुन्हा उपनगर गेलं, थेट सीबीएसला उतरले. मग पुन्हा इकडे.

मी शेजारी जाऊन बसले. ते म्हणाले, "कंडक्टर भला माणूस होता गं. त्याने सांगितलंच असणार."

मला रडू फुटलं. भर स्टँडवर, लोक बघत होते, मी त्यांचा हात धरून रडत होते. म्हटलं, "अण्णा, या रविवारी मी येते. प्रत्येक रविवारी येते. तुमच्या बाजूला बसते."

त्यांनी माझ्या ओठांकडे नीट निरखून पाहिलं, पुन्हा म्हणायला लावलं, आणि मग कळल्यावर म्हणाले, "आता कशात बसशील? गाडी कुठाय?"

रागाने म्हणाले असते तर सोसलं असतं. ते खरंच विचारत होते.